५२ किल, ११ ब्लॉक: आठवड्याचा पुरस्कार कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमची भाची अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका डिव्हिजन वन, म्हणजे सर्वांत वरच्या गटातल्या कॉलेजकडून व्हॉलीबॉल खेळते, मिडल ब्लॉकर म्हणून, म्हणजे जाळीजवळ मधोमध उभी राहून समोरच्यांचे फटके अडवणारी. गेल्या आठवड्यात तिच्या संघाने दोन्ही सामने ३-० असे जिंकले. सहा सेटमध्ये तिचे १६ किल (थेट गुण मिळवणारे फटके), चूक फक्त एक, आणि ११ ब्लॉक. सोमवारी कॉन्फरन्सने, म्हणजे ज्या कॉलेजांच्या गटात तिचा संघ खेळतो त्याने, ‘प्लेअर ऑफ द वीक’ म्हणून जाहीर केली ती मात्र दुसऱ्या संघाची आउटसाइड हिटर (डाव्या बाजूने मारणारी), ५२ किलवाली. तिचा संघ त्याच आठवड्यात एक सामना हरलेला. घरच्या ग्रुपवर तेव्हापासून धुसफूस चालली आहे. तुम्ही विचारता, हा अन्याय नाही का, आणि वाद घालायचाच तर कशाच्या जोरावर घालायचा?

मी अशाच एका कॉलेजच्या सामन्यांत आकडेवारीच्या टेबलावर १९ हंगाम बसले आहे. दर रविवारी रात्री आमच्या खेळाडूंची नावं या पुरस्कारांसाठी पाठवताना सोबतच्या दोन-चार ओळी बहुतेक वेळा मीच लिहून दिल्या. त्याआधी महाराष्ट्रात विद्यापीठाच्या संघातून खेळले, आपण ज्याला लिफ्टर म्हणतो त्या जागेवर. इथे त्याला सेटर म्हणतात, मारणारीला चेंडू उचलून देणारी. तुम्ही पाठवलेले सगळे बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचे तक्ते) आणि प्ले-बाय-प्ले (एकेका गुणाची क्रमवार नोंद) मी दोन संध्याकाळी बसून वाचले. माझं मत आधीच सांगते. मुख्य पुरस्कार मीही त्या आउटसाइड हिटरलाच दिला असता. अन्याय झालाय, पण तो त्याच पत्रकात खाली, ‘डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द वीक’मध्ये. तो पुरस्कार तुमच्या भाचीचा होता.

पुरस्कार ठरतो कसा, ते अगोदर पाहू. प्रत्येक कॉन्फरन्सची रीत थोडी वेगळी असते, पण साचा सारखाच. हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि डिसेंबरात राष्ट्रीय स्पर्धेने संपतो. दर आठवड्याच्या शेवटी कॉलेजचा क्रीडा माहिती विभाग आपली नावं पाठवतो, मग कॉन्फरन्सचं कार्यालय किंवा त्यांनी नेमलेले मतदार निवड करतात. बिग टेनसारख्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये सर्वोत्तम खेळाडू, बचाव, सेटर आणि पहिल्या वर्षाची खेळाडू असे वेगवेगळे पुरस्कार असतात. शिवाय अमेरिकन व्हॉलीबॉल कोचेस असोसिएशन, म्हणजे एव्हीसीए, देशभरातून आपली वेगळी खेळाडू निवडते.

आता मतदाराच्या जागी बसून पाहा. बिग टेनमध्ये २०२४पासून १८ संघ आहेत. प्रत्येकाचे आठवड्याला दोन सामने धरले तरी १८ सामने झाले, आणि एकेक सामना दीड ते अडीच तासांचा. हे सगळं कुणी पाहत नाही, पाहू शकतही नाही. मतदारासमोर असतो तो आकड्यांचा तक्ता आणि माझ्यासारख्या कुणीतरी रात्री अकरा वाजता लिहिलेल्या चार ओळी. म्हणून त्या तक्त्यात काय उतरतं आणि काय उतरत नाही, इथूनच या वादाला सुरुवात करावी लागते.

बॉक्स स्कोअर मुख्यतः चेंडूचा शेवटचा स्पर्श मोजतो. चेंडू मारला आणि गुण मिळाला की किल. बाहेर गेला, जाळीत अडकला किंवा समोरच्यांनी ब्लॉक करून गुण घेतला की चूक. समोरच्यांनी उचलला आणि खेळ चालू राहिला तर तो नुसता प्रयत्न. किलमधून चुका वजा करायच्या, उरलेल्याला एकूण प्रयत्नांनी भागायचं, की हिटिंग पर्सेंटेज निघतं. ‘५२ किल’ ऐकलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: किती चुका आणि किती प्रयत्न? तिच्या २० चुका होत्या आणि १३० प्रयत्न. म्हणजे १३० पैकी निव्वळ ३२, ०.२४६. तुमच्या भाचीचे २८ प्रयत्नांत १६ किल आणि १ चूक, म्हणजे ०.५३६. ग्रुपवर हा आकडा कुणीतरी ठळक अक्षरांत टाकलाच असणार.

पण हे दोन आकडे एकाच तराजूत तोलता येत नाहीत. आणि हे मी मिडल ब्लॉकर्सची कड घेणारी बाई असून सांगते आहे.

मिडलचा हल्ला पहिल्या पासवर अवलंबून असतो. समोरची सर्व्हिस सेटरच्या हातात अलगद येऊन पडली तरच सेटर मध्ये जलद चेंडू देऊ शकते. पास दोन-तीन मीटर हुकला की मिडलचा पर्याय संपला. मग सेटर धावत जाऊन चेंडू उंच करते, तो जातो डावीकडे, आणि तिथे दोन जणींचा ब्लॉक आधीच उभा असतो. तो चेंडू मारायचा कुणी? आउटसाइड हिटरने. म्हणजे संघाची बिघडलेली प्रत्येक चाल तिच्या खात्यात जमा होते. मिडलला शक्यतो चांगलेच चेंडू मिळतात. म्हणून ०.२४६ हा आकडा आउटसाइडसाठी, विशेषतः सेटमागे दहा प्रयत्नांचं ओझं वाहणारीसाठी, चांगला आहे. तुमच्या भाचीचे प्रयत्न सेटमागे पाचसुद्धा नाहीत. संघाने तिचा वापर अचूक केला आणि तिने एकही संधी वाया घालवली नाही, हे तिचं मोठेपण आहेच. पण त्या दुसऱ्या मुलीकडे चेंडू जात होते ते दुसऱ्या कुणाकडे देता येत नव्हते म्हणून.

दुसरी गोष्ट तक्त्यात अजिबात दिसत नाही. ती आउटसाइड हिटर सहाही जागांवर खेळते. अमेरिकेच्या महिला कॉलेज व्हॉलीबॉलमध्ये एका सेटमध्ये १५ वेळा खेळाडू बदलता येतात. आंतरराष्ट्रीय नियमात फक्त सहा वेळा. त्यामुळे इथे पुष्कळ हिटर पुढच्या तीन जागांपुरत्या खेळतात आणि मागे गेल्या की बाहेर बसून दम घेतात. मिडलच्या जागी तर मागच्या रांगेत बहुतेक वेळा लिबेरो, म्हणजे फक्त बचावासाठी खेळणारी, येते. ही मुलगी मात्र बाहेर जातच नाही. प्ले-बाय-प्लेमधून मी मोजलं: तीन सामन्यांत तिने समोरून आलेल्या ७८ सर्व्हिस घेतल्या आणि त्यातल्या फक्त तीन हातून सुटल्या. म्हणजे आधी सर्व्हिस घ्यायची, तोल सावरायचा, तीन पावलं धावून उडी मारायची आणि मारायचं, असं तिने मंगळवार, शुक्रवार आणि रविवार मिळून १३ सेट केलं. शुक्रवारी पाच सेटमध्ये ती हरली, हे खरं. त्या पाचव्या सेटमध्ये तिच्या संघाच्या १५ पर्यंत न पोचलेल्या गुणांपैकी सहा तिचेच होते. हरलेल्या संघातल्या खेळाडूला पुरस्कार देऊच नये, हे मला कधीच पटलेलं नाही. हरलेले सेट उघडून बघावेत. कुणी पाच गुणांनी मागे असताना मोकळेपणाने मारत होती की २२-२२ वर मारत होती, ते तिथे कळतं.

आणि एक सावधगिरी उलट बाजूने. १३ सेट खेळलेलीचे एकूण किल सहा सेट खेळलेलीपेक्षा जास्त असणारच. म्हणून एकूण आकड्यावर वाद घालणाऱ्याला आधी सेटच्या संख्येने भागायला लावावं. ५२ किल म्हणजे सेटमागे चार. हा आकडा चांगला आहे, डोळे दिपवणारा नाही. पाच सेटपर्यंत ताणलेले सामने खेळणाऱ्या संघांना साप्ताहिक पुरस्कार जास्त मिळतात, कारण पत्रकात मोठा आकडा छापता येतो. तीन सेटमध्ये समोरच्याला गुंडाळणाऱ्या संघातल्या मुली त्यात हटकून मागे पडतात. तुमच्या भाचीच्या संघाचं यात वर्षभर नुकसान होणार आहे, याची मनाशी तयारी ठेवा.

समोर कोण होतं, हे तिसरं. प्रतिस्पर्ध्याचं क्रमवारीतलं स्थान बघून लोक थांबतात. त्यापेक्षा नेमका प्रश्न असा विचारावा: तो संघ एरवी समोरच्यांना किती हिटिंग पर्सेंटेज करू देतो? एरवी ०.१५० वर रोखणाऱ्या संघापुढे ०.२५० केलं, तर ते ०.३०० करू देणाऱ्या संघापुढच्या ०.३५० पेक्षा मोठं काम आहे. ही वजाबाकी कुणालाही करता येते, संघांच्या हंगामाच्या आकडेवारीत सगळं असतं. त्या आउटसाइडचे दोन प्रतिस्पर्धी कॉन्फरन्समधल्या सगळ्यात चिवट बचावांपैकी आहेत. माझं मत शेवटी यामुळेच तिच्याकडे झुकलं.

मला हे सगळं पहिल्या दिवसापासून कळत नव्हतं. माझ्या चौथ्या हंगामातली गोष्ट आहे. आमच्या संघाने शनिवारी एका बलाढ्य संघाला पाच सेटमध्ये हरवलं. आमच्या उजव्या बाजूच्या हिटरने २४ किल मारले. टेबलावरून उठतानाच माझ्या ओळी तयार होत्या, आणि रविवारी मी त्या पाठवल्या. सोमवारी तिला पुरस्कार मिळाला, सगळे खूश. मंगळवारी प्रशिक्षकांबरोबर व्हिडिओ पाहायला बसले तेव्हा त्यांनी पाचवा सेट थांबवून थांबवून दाखवला. मागच्या रांगेतली एक बुटकी डिफेन्सिव्ह स्पेशालिस्ट, त्या सेटमधल्या जवळजवळ प्रत्येक सर्व्हिसच्या मार्गात तीच उभी. समोरच्या संघाने तिलाच लक्ष्य केलं होतं आणि ती एकदाही डगमगली नव्हती. बॉक्स स्कोअरमध्ये तिच्या नावापुढे होते फक्त सात डिग, म्हणजे समोरच्यांचे उचललेले फटके. उत्तम पाससाठी अधिकृत तक्त्यात रकानाच नाही. सर्व्हिस सुटली तर चूक तेवढी लिहिली जाते. प्रशिक्षक आपापल्या वहीत प्रत्येक पासला शून्य ते तीन असे गुण देतात किंवा डेटाव्हॉलीसारख्या संगणक प्रणालीत त्याची प्रत नोंदवतात, पण ते कागद संघाबाहेर जात नाहीत. मी तिच्याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. आकडे मीच नोंदवले होते, सामना मी दहा मीटरवरून पाहिला होता, तरी. त्यानंतर आजवर एकही रविवार असा गेला नाही की मी नाव पाठवण्याआधी प्ले-बाय-प्लेमधल्या ‘रिसेप्शन’ (सर्व्हिस कुणी घेतली) नोंदी मोजल्या नाहीत.

आता तुमच्या भाचीचा खरा मुद्दा.

बचावाचा साप्ताहिक पुरस्कार गेली कित्येक वर्षं जवळपास ‘सर्वांत जास्त डिग’चा पुरस्कार होऊन बसला आहे. मतदार डिगचा रकाना उतरत्या क्रमाने लावतात आणि वरचं नाव घेतात. कॉलेज व्हॉलीबॉलमध्ये २००२ला लिबेरो आली, तिच्या वेगळ्या रंगाच्या जर्सीमुळे बचाव म्हटला की नजर तिच्याकडेच जाते. लिबेरोंबद्दल मला अपार आदर आहे. स्टॅनफर्डची मॉर्गन हेन्ट्झ २०१६, २०१८ आणि २०१९ अशा तीन विजेतेपदांत मागे उभी होती; तिचा खेळ ज्यांनी पाहिला त्यांना जमिनीपासून वीतभर वर असलेला चेंडूही गेलेला वाटत नसे. नेब्रास्काची जस्टिन वाँग-ओरांटेस पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये स्पर्धेची सर्वोत्तम लिबेरो ठरली, अमेरिकेने तिथे सुवर्ण जिंकलं. पण डिगचा आकडा एकटा घेतला तर तो फसवतो.

डिग कधी होतो? समोरच्याचा फटका ब्लॉकमधून सुटून मागे आला तर. ज्या संघाचा ब्लॉक कमकुवत, त्याच्या लिबेरोकडे फटके जास्त येतात, ती उचलतेही जास्त, आणि सुटतातही जास्त. सुटलेले तिच्या नावावर लिहिले जात नाहीत. गेल्या आठवड्यात ज्या लिबेरोला पुरस्कार मिळाला तिचे दहा सेटमध्ये ६२ डिग. आकडा भला मोठा आहे. त्याच दहा सेटमध्ये समोरच्या संघांनी तिच्या संघाविरुद्ध ०.२७० केलं. म्हणजे बचावाला भगदाड पडलं होतं आणि ती मुलगी त्यात जिवाच्या आकांताने उभी होती. तिच्या कष्टाचं मोल मी कमी करत नाही. पण आठवड्यातला सर्वोत्तम बचाव तो नव्हता.

आता तुमच्या भाचीचे दोन सामने घ्या. एका संघाने तिच्या संघाविरुद्ध ०.०६१ केलं, दुसऱ्याने ०.११०. दोन्ही संघ एरवी ०.२००च्या वर असतात. मी आणखी एक पायरी खाली उतरले आणि प्ले-बाय-प्लेमधून ती पुढच्या रांगेत असतानाचे आणि मागे (म्हणजे बाहेर) असतानाचे गुण वेगळे केले. ती पुढे असताना समोरच्यांचे ९४ प्रयत्न, २१ किल, २३ चुका. शून्याच्याही खाली! ती बाहेर असताना ८८ प्रयत्न, ३४ किल, १६ चुका, म्हणजे ०.२०५. तोच संघ, तीच लिबेरो मागे, समोर तेच प्रतिस्पर्धी. जाळीजवळची एक मुलगी आत आली की समोरच्यांचा हल्ला कोलमडतो आणि ती बाहेर गेली की पुन्हा उभा राहतो. दोन सामने म्हणजे नमुना लहान, सुतावरून स्वर्ग गाठू नये. तिच्याबरोबर पुढे कोण होतं याचाही यात वाटा आहे. पण पुरस्कार त्याच दोन सामन्यांचा आहे. त्या आठवड्यात काय घडलं एवढंच ठरवायचं असेल तर यापेक्षा स्पष्ट पुरावा बचावाच्या पुरस्कारासाठी क्वचितच मिळतो.

तिच्या ११ ब्लॉकबद्दल एक खुलासा, कारण वादात समोरचा हे हमखास काढेल. त्यातला एकटीचा एक, बाकी दहा ‘असिस्ट’. दोघी किंवा तिघी मिळून ब्लॉक करतात तेव्हा सहभागी प्रत्येकीला एक ब्लॉक असिस्ट मिळतो, आणि गुणांच्या हिशेबात तो अर्धा धरतात. म्हणून अकरा ब्लॉक म्हणजे अकरा गुण नव्हेत. एक अधिक पाच, सहा. समोरच्याने असं म्हटलं तर मान्य करा, ते बरोबर आहे. मग विचारा की तिने बोटं लावून मंद केलेले चेंडू कुठे लिहिलेत? ब्लॉकला लागून वेग मेलेला चेंडू मागची खेळाडू सहज उचलते. डिग तिच्या नावावर जातो आणि मिडलला काहीच मिळत नाही. आणि ज्या हिटरने समोर तुमच्या भाचीचे हात पाहून जोरदार फटक्याऐवजी हळूच टिप टाकली, तो बचाव कुणाचा? माझ्या टेबलावर त्याचं बटण नाही. समोरच्या संघाचं हिटिंग पर्सेंटेज हीच त्याची सावली.

२०२४पासून एक नवा गुंता आला आहे. आता संघ एका सामन्यात दोन लिबेरो ठेवू शकतात, मैदानावर एका वेळी एकच. काही प्रशिक्षक सर्व्हिस घ्यायला एक आणि आपली सर्व्हिस असताना डिगसाठी दुसरी वापरतात. अशा संघातल्या दोघींचे डिग वाटले जातात आणि दोघीही उतरत्या यादीत खाली जातात. डिग मोजून पुरस्कार देण्याची सवय मोडायला आता तरी हे कारण पुरेसं व्हावं.

सेटरच्या पुरस्काराचंही असंच दुखणं आहे. माझी स्वतःची जागा असल्याने चार ओळी जास्त लिहिते. असिस्ट तेव्हाच मिळतो जेव्हा तुम्ही दिलेला चेंडू पुढचीने किल केला. म्हणजे तुमचा आकडा दुसरीच्या हातात. ज्या संघात एकच सेटर पूर्ण वेळ खेळते तिथे तिचे सेटमागे दहा-अकरा असिस्ट होतात. ज्या संघात दोन सेटर आलटून पालटून मागच्या रांगेतून येतात, तिथे दोघींचे पाच-सहा, आणि मतदार त्या ओळीवरून नजर पुढे सरकवतात. सेटरला तोलायचं तर तिच्या संघाचं हिटिंग पर्सेंटेज पाहावं. मिडलला किती चेंडू गेले ते पाहावं. तुमच्या भाचीच्या सेटरने खराब पासवरूनही दोनदा मध्ये चेंडू दिला, ते पाहून मी खुर्चीतून उठले. केंटकीने २०२०च्या हंगामाचं विजेतेपद (ते करोनामुळे २०२१च्या वसंतात खेळलं गेलं) जिंकलं तेव्हा त्यांची सेटर मॅडिसन लिली एव्हीसीएची वर्षाची राष्ट्रीय खेळाडू ठरली. मला झालेला आनंद तुम्ही लिफ्टर म्हणून खेळला असाल तरच कळेल.

वर्षाच्या पुरस्कारात मिडलही मागे नाही. विस्कॉन्सिनची डॅना रेट्की, ६ फूट ८ इंच उंचीची मिडल ब्लॉकर, २०२१ची राष्ट्रीय खेळाडू होती. करोनाच्या हंगामामुळे मिळालेल्या जादा वर्षाचा उपयोग करून ती पाच वेळा ऑल-अमेरिकाच्या, म्हणजे देशभरातून निवडलेल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या पहिल्या संघात आली, आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिनने विजेतेपदही घेतलं. त्यानंतर टेक्ससची लोगन एगल्स्टन, विस्कॉन्सिनची सारा फ्रँकलिन, पिट्सबर्गची ऑलिव्हिया बॅबकॉक, तिघीही बाजूने मारणाऱ्या. २०२० ते २०२४ या पाच वर्षांत एक सेटर, एक मिडल, तीन हिटर, लिबेरो एकही नाही. पूर्ण हंगाम डोळ्यांसमोर असतो तेव्हा मतदार सेटरपर्यंत आणि मिडलपर्यंत पोचतात. एका आठवड्याच्या घाईत ते पोचत नाहीत, कारण रविवारी रात्री सगळ्यात लवकर वाचता येणारा रकाना किलचा असतो.

मतदारांच्या आणखी दोन सवयी मला खटकतात. एक, मागच्या आठवड्यात जिला दिला तिला या वेळी नको, अशी वाटणी. ज्या मुलीने सलग तीन आठवडे कमावला तिला तीनदा द्यावा. हा हळदीकुंकवाचा वाण नाही की घरोघरी पोचायला हवा. दुसरी, रविवारचा सामना ताजा आणि बुधवारचा विसरलेला. तुमच्या भाचीचे सामने बुधवारी आणि शुक्रवारी होते. रविवारी दुपारी पाच सेटचा थरार दुसरीकडे झाला. याचाही परिणाम झाला असेल, असं मला अनुभवावरून वाटतं.

हजारावा किल, कॉलेजचा विक्रम वगैरे गोष्टीही पत्रकात ठळक येतात. हजारावा किल चार वर्षांचा असतो. त्या आठवड्याच्या हिशेबात त्याला एका किलचंच वजन आहे.

इतकं बारकाईने का भांडायचं, असं तुमच्या घरात कुणी म्हणालं असेल तर त्यांना नेब्रास्कातली एक संध्याकाळ सांगा. ३० ऑगस्ट २०२३ला लिंकनच्या मेमोरियल स्टेडियमवर, एरवी अमेरिकन फुटबॉल चालतो त्या मैदानात मधोमध जाळी लावून कॉलेजच्या मुलींचा व्हॉलीबॉल सामना झाला, आणि तो पाहायला ९२,००३ माणसं आली. मी टीव्हीवर पाहत होते आणि आमच्या गावाकडच्या मातीच्या मैदानाभोवतीची दोन ओळींची गर्दी आठवून डोळे भरून आले. हा खेळ इथे लोकांच्या जिव्हाळ्याचा झाला आहे. मोठ्या संघातल्या मुलीला साप्ताहिक पुरस्काराने फारसा फरक पडत नाही. तुमच्या भाचीसारख्या लहान कॉन्फरन्समधल्या मुलीला पडतो. तिच्या नावाच्या पानावर ती ओळ कायमची राहते, मोसमाअखेरच्या ऑल-कॉन्फरन्स मतदानात तेच नाव प्रशिक्षकांच्या ओळखीचं होतं, पुढे युरोपात व्यावसायिक खेळायला जायचं ठरवलं तर एजंट तेच पान उघडतो.

म्हणून करायचं काय, ते सांगते. पहिली गोष्ट भाचीला विचारा की तिचं नाव गेलं होतं का, आणि कुठल्या पुरस्कारासाठी. अनेक ठिकाणी कॉलेजने नाव पाठवलं नाही तर मतदारांसमोर ते येतच नाही. माझा अंदाज आहे की तिचं नाव मुख्य पुरस्कारासाठी गेलं आणि बचावासाठी त्यांच्याच लिबेरोचं. दोन्हीकडे एकेकच नाव पाठवायची मुभा असते तिथे हे नेहमी होतं. कॉन्फरन्सला किंवा कॉलेजला नातेवाइकांनी पत्र लिहू नये. मुलीला ते अवघड होतं. तिने स्वतः प्रशिक्षकांशी बोलावं, तेही पुरस्काराबद्दल नाही, तर ती पुढे असतानाच्या आणि नसतानाच्या त्या दोन आकड्यांबद्दल. ९४ प्रयत्नांत उणे दोन. प्रशिक्षक हे बघतील, आणि पुढच्या रविवारी क्रीडा माहिती विभागातल्या त्या दोन-चार ओळींत तो आकडा आपोआप येईल. मतदाराला तयार आकडा दिला की तो वाचतो. मी १९ वर्षं हेच करत आले आहे.

ग्रुपवर मात्र भांडा, खुशाल भांडा. फक्त त्या आउटसाइड हिटरला नावं ठेवू नका; तिने ७८ सर्व्हिस घेतल्यात. पुढच्या आठवड्यात त्या दोघी एकाच मैदानावर समोरासमोर येणार आहेत, मी वेळापत्रक पाहिलं. आउटसाइड डावीकडून मारायला येईल तेव्हा तुमची भाची मधून सरकत वेळेवर ब्लॉक बंद करते का, एवढं एकच बघत राहा. प्ले-बाय-प्ले मला पाठवा, मी मोजून देईन.